आठ सेकंद

लिहिता लिहिता कर्सर थिजतो.
बेअरिंग हाउसिंग, ग्रे आयर्न, नग चौ
आणि पुढचं अक्षर येतच नाही.
मी कळा दाबत राहते, मग दाबायची थांबते.
आतून एक 'टिक्',
मग कण्हत उठल्यासारखी घरघर,
आणि अडकलेली सगळी अक्षरं एकदम सांडतात पडद्यावर.
चौऱ्याहत्तर नगांचे
चौऱ्याऱ्याऱ्याऱ्या.

उद्यमनगरात दोन लेथ आणि एका शेपिंग मशीनच्या वर,
फळ्यांच्या माळ्यावर माझं ऑफिस.
लॅपटॉप दहा इंची, शाहूपुरीतून सेकंडहँड आणलेला.
विंडोज झेपेना म्हणून त्यावर लिनक्स घातलं,
माझं मीच, दोन सोमवार घालवून.
त्यामुळे आता नाव ठेवायलाही कुणी नाही.

धाकटे मालक म्हणाले, डिस्क गेली, नवी घ्या.
गेली कशी?
वाचते आहे, लिहिते आहे,
फक्त मधेच
थांबते.

बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर मी वेळा मांडायला लागले.
अकरा बावीस. अकरा पंचवीस. बारा वाजून तीन, दोनदा.
मेमरी पाहिली, अर्धी रिकामी.
कर्नलचा लॉग उपसला.
'कर्नल? कुठल्या पलटणीचा?' दस्तगीरमामांनी जिन्यातूनच विचारलं.
लॉगमध्ये एका शब्दाची तक्रार नाही.
खराब सेक्टर शून्य.
शून्य बघून बरं वाटायला हवं होतं.
पण रिपोर्ट नॉर्मल आणि ताप उतरत नाही
अशा माणसाला घरी कसं न्यायचं?

मामा चाळीस वर्षं टर्नर.
एका डोळ्यात फूल, हात थरथरतो, कान शाबूत.
जेवणाच्या सुट्टीत लेथ थांबले तसे वर आले,
हातात फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर.
टोक टेकवलं लॅपटॉपच्या पोटाला,
मूठ कानामागच्या हाडाला.
'बोलू नगंस. हात बी लावू नगंस.'
मी मनात मोजत बसले.
कोटीतीर्थाकडून कुणाचातरी हॉर्न,
खाली कुणीतरी डबा विसळतंय.
सहा. सात. आठ.
'बसला,' मामा म्हणाले. 'आता लिव्ह कायबी.'
मी लिहिलं, नग.
'उठला. बघ.
मराय लागला न्हाई ह्यो. बेरिंग झकास हाय.
नुसता बसतोय, उठतोय, बसतोय, उठतोय.
तू थांबलीस की ह्याला वाटतंय सुट्टी झाली.'

बिलबुक पुन्हा उघडलं.
अकरा बावीसला मी कोरगावकरांची उधारी
मांडावी की सोडावी, ठरवत होते.
बारा तीनला कशाचा विचार करत होते
ते इथं लिहीत नाही.
प्रत्येक वेळ माझ्याच थांबण्याची निघाली.
मी डिस्कचा आजार लिहीत होते
आणि वहीत भरत होते माझे खोळंबे.

मग शून्यांच्या खालची ओळ वाचली,
जी शून्य बघण्याच्या घाईत राहून गेली होती.
लोड सायकल, चार लाख बारा हजार सहाशे नऊ.
इतक्या वेळा हेड बाजूला जाऊन टेकलं,
इतक्या वेळा हाकेसरशी परत आलं,
ओ द्यायला उशीर झाला, एवढाच काय तो गुन्हा.

वीज वाचवायची पातळी होती चौसष्ट.
दोनशे चोपन्न केली. एक ओळ, एक एंटर.
दुसऱ्या दिवशी सकाळी परत टिक्.
बंद केलं की सांगितलेलं विसरतो,
म्हणून तीच ओळ फाइलीत घातली,
रोज उठल्या उठल्या त्याची त्यानंच वाचावी.

आता थिजत नाही.
बॅटरी वीस मिनिटं कमी पुरते,
डाव्या मनगटाखाली कोमट लागतं.
मामांना सांगितलं तर म्हणाले,
'झोपू दिलं न्हाईस, तापणारच की.'

चौऱ्याहत्तर नग लिहून झाले.
पुढचा रकाना शेऱ्याचा.
तिथं मला काही सुचेना.
सात. आठ.
नऊ. दहा.
खाली लेथ सुरू झाले.
डिस्क जागी होती.